वृद्धाश्रम, असिस्टेड लिव्हिंग की मेमरी केअर? आई-बाबांना विसरायला लागल्यावर हा फरक माहीत असायलाच हवा

'अस्तु' नावाचा एक मराठी सिनेमा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१३ सालचा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या एका निवृत्त प्राध्यापकांची भूमिका केली आहे. प्राध्यापकांना अल्झायमर झालाय. एक दिवस मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खरेदीला जाते. तेवढ्यात रस्त्यावरून एक हत्ती जातो. प्राध्यापक गाडीतून उतरतात आणि हत्तीच्या मागे चालू लागतात. मुलगी परत येते तेव्हा गाडी रिकामी असते.

ज्यांच्या घरात डिमेन्शियाचा पेशंट आहे, त्यांच्याकडे हे घडायला हत्तीही लागत नाही. कचरा द्यायला दार उघडलं, आत फोन वाजला म्हणून कुणी वळलं, आणि आजोबा जिना उतरून गेले. कुठे? तर ऑफिसला. जे ऑफिस त्यांनी वीस वर्षांपूर्वी सोडलं.

मग घरात तो विषय निघतो. एक भाऊ म्हणतो, "आता एखादी चांगली जागा बघूया." दुसरी बहीण म्हणते, "आईला वृद्धाश्रमात टाकणार?" आणि चर्चा तिथेच संपते. कारण मराठी घरांमध्ये या सगळ्यासाठी आजही एकच शब्द आहे, वृद्धाश्रम.

पण सध्या जाहिरातींमध्ये सीनियर लिव्हिंग, असिस्टेड लिव्हिंग, मेमरी केअर असे बरेच शब्द दिसतात. या सगळ्या जागा एकसारख्या नसतात. नेमका फरक काय, मेमरी केअर ही कल्पना आली कुठून, आणि अशी जागा बघायला गेल्यावर काय विचारायचं, ते सविस्तर बघूया.

आधी हे शब्द वेगळे करूया

वृद्धाश्रम म्हणजे मुळात निवारा. ज्यांना कुणी नाही किंवा ज्यांची घरी सोय नाही, त्यांच्यासाठी राहण्याची आणि जेवणाची व्यवस्था. महाराष्ट्र सरकारने १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आणली होती. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. पण अनेक वृद्धाश्रम चालता-फिरता येणाऱ्या, स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या माणसांनाच घेतात. डिमेन्शिया म्हटलं की नकार मिळतो.

सीनियर लिव्हिंग म्हणजे ज्येष्ठांसाठी बांधलेली सोसायटी. तिथे फ्लॅट विकत किंवा भाड्याने घेता येतो. जिन्याला कठडे, बाथरूममध्ये धरायला दांडे, खाली डायनिंग हॉल, संध्याकाळी भजन नाहीतर पत्त्यांचा डाव. इथे राहणारी माणसं धडधाकट असतात, असं गृहीत धरलेलं असतं.

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे स्वतःची खोली, पण रोजच्या कामात मदत. आंघोळ घालायला, औषधं द्यायला, पलंगावरून उठवायला माणूस हजर.

मेमरी केअर हा त्यातला खास प्रकार. ज्यांची स्मरणशक्ती आणि समज कमी होत चालली आहे, अशांसाठीच आखलेली जागा, तिथला दिवस आणि तिथली माणसं.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. परदेशातला नातेवाईक फोनवर 'नर्सिंग होम' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असतं अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचं कायमचं देखभाल केंद्र. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे गल्लीतलं छोटं हॉस्पिटल, जिथे बाळंतपणं होतात आणि सलाइन लावतात. शब्द एकच, वस्तू दोन.

कुणाला कशाची गरज आहे, हे कसं ठरवायचं?

डॉक्टर आणि समाजसेवक यासाठी दोन याद्या वापरतात. पहिली यादी १९६३ साली अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यात सहा साध्या गोष्टी आहेत: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं.

दुसरी यादी १९६९ ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची. त्यात आठ कामं येतात: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचा व्यवहार.

डिमेन्शिया साधारणपणे दुसऱ्या यादीतून आत शिरतो. आधी बँकेचं पासबुक कळेनासं होतं. मग तीच गोळी दोनदा घेतली जाते. मग कुकर गॅसवर राहतो. आंघोळ, कपडे ही पहिली यादी बरीच पुढे येते. म्हणून बाहेरच्यांना वाटतं, "काकू तर छान बोलल्या की आमच्याशी!" आणि घरातली सून मात्र रात्रभर जागी असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रत्येक विसराळूपणा डिमेन्शिया नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं, एवढंच काय तर लघवीचं इन्फेक्शनसुद्धा म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकू शकतं. यातल्या बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात. त्यामुळे जागा शोधायच्या आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून नीट निदान करून घेणं ही पहिली पायरी.

असिस्टेड लिव्हिंगची सुरुवात एका आईच्या हट्टातून झाली

अमेरिकेत केरेन ब्राऊन विल्सन नावाची एक तरुणी होती. ती १९ वर्षांची असताना तिच्या आईला, जेसीला, मोठा पक्षाघात झाला. वय फक्त ५५. शरीराची एक बाजू कायमची गेली. जेसीची रवानगी तिकडच्या नर्सिंग होममध्ये झाली आणि पुढची कितीतरी वर्षं मुलगी भेटायला आली की तिची एकच विनवणी असायची, मला घरी ने.

पुढे केरेन वृद्धांच्या प्रश्नांवर अभ्यास करू लागली, तेव्हा आईने तिला सांगितलं की माझ्यासारख्यांसाठी काहीतरी कर. काय हवं होतं तिला? एक छोटी खोली, छोटं स्वयंपाकघर, स्वतःचं बाथरूम, आपलं सामान, आपलं मांजर. आणि एक दार, जे तिला स्वतःला बंद करता येईल. मनात येईल तेव्हा उठायचं, मनात येईल तेव्हा झोपायचं.

१९८३ साली केरेन आणि तिच्या नवऱ्याने ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात 'पार्क प्लेस' सुरू केलं. ११२ छोटी घरं. राहणारे पेशंट नव्हते, भाडेकरू होते. दाराची किल्ली त्यांच्याकडे. मदत चोवीस तास, पण आत येण्याआधी दार वाजवून. तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटला. म्हातारी माणसं आतून दार लावून पडली तर? सरकारने काही वर्षं यावर लक्ष ठेवलं. १९८८ साली निष्कर्ष बाहेर आले तेव्हा राहणाऱ्यांची तब्येत टिकून होती, समाधान वाढलं होतं, नैराश्य कमी झालं होतं. सरकारी मदतीवर राहणाऱ्यांचा खर्चही नर्सिंग होमपेक्षा कमी आला होता.

ही हकिकत जगभर पोचवली ती डॉ. अतुल गावंडे यांनी, २०१४ साली आलेल्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकातून. त्यात त्यांनी असंही मांडलंय की पुढे मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि असिस्टेड लिव्हिंग हे नाव वाटेल त्या जागेला लागू लागलं. कारण जागा पसंत करणारी बहुतेक वेळा मुलं असतात. माणूस स्वतःसाठी मोकळीक मागतो, पण आपल्या आई-वडिलांसाठी आधी सुरक्षितता बघतो. मग जाहिराती मुलांना आवडतील अशा होतात. चकचकीत लॉबी, सीसीटीव्ही, अलार्म. आत राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाणार, हा प्रश्न मागे पडतो.

मग एकत्र कुटुंबच बरं नव्हतं का?

याच पुस्तकात गावंडे यांनी आपल्या आजोबांबद्दलही लिहिलंय. गावंडे कुटुंब मूळचं विदर्भातल्या उटी गावचं. आजोबा सीताराम गावंडे जवळपास ११० वर्षं जगले. शंभरी ओलांडल्यावरही ते रोज शेताला फेरी मारायचे, तेही घोड्यावरून. पडतील या भीतीने घरच्यांनी घोडा काढून घेतला नाही. लहान घोडा आणला आणि सोबत माणूस दिला. शेवटपर्यंत निर्णय त्यांचे होते, जमीन त्यांची होती, आणि आजूबाजूला मुलं, सुना, नातवंडं होती.

वाचायला छान वाटतं. पण गावंडे लगेच हेही सांगतात की या व्यवस्थेची किंमत तरुण पिढी मोजत होती. आणि आजोबांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, हे विसरून चालत नाही. रात्री तीन वाजता "मला घरी जायचंय" म्हणून स्वतःच्याच घराचं दार ठोठावणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी असते. तिथे लहान घोडा आणून भागत नाही.

शिवाय आजचं घर दोन बेडरूमचं. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत, आणि आई-बाबा साताऱ्यात किंवा डोंबिवलीत. ब्युरोकडून आलेली बाई महिनाभर टिकली तर नशीब. सगळा भार शेवटी एका माणसावर येतो. बहुतेक घरांत ती बायको, सून नाहीतर मुलगी असते.

मेमरी केअरमध्ये वेगळं काय करतात?

डिमेन्शियात सगळी आठवण एकदम जात नाही. सकाळी काय खाल्लं हे पुसलं जातं, पण चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता लख्ख आठवतो. नाव आठवत नाही, पण कुणी रागाने बोललं तर ती बोच तशीच राहते. पोळी लाटणं, वाती वळणं, टाळ वाजवणं अशा हाताच्या सवयी खूप उशिरापर्यंत टिकतात. चांगलं मेमरी केअर या शिल्लक गोष्टींवर उभं असतं.

सुरुवात इमारतीपासून होते. लांबच लांब, शेवटी बंद असलेला कॉरिडॉर गोंधळ वाढवतो, म्हणून गोल फिरून परत त्याच जागी येणारी वाट ठेवतात. जमिनीवरची काळी सतरंजी काही पेशंटना खड्ड्यासारखी दिसते, म्हणून फरशी एका रंगाची. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढरं कमोड दिसत नाही, म्हणून सीट गडद रंगाची. दारावर खोली नंबरऐवजी त्या माणसाचा तरुणपणीचा फोटो. कारण आरशातला म्हातारा त्याला अनोळखी वाटतो, फोटोतला तरुण मात्र आपला वाटतो.

मग दिवसाची आखणी. दिवेलागणीच्या वेळी अनेक पेशंटची घालमेल सुरू होते. येरझाऱ्या, चिडचिड, "मुलं शाळेतून यायची वेळ झाली" असा धोशा. डॉक्टरांच्या भाषेत याला सनडाउनिंग म्हणतात. चांगल्या ठिकाणी याच वेळेला दिवे आधी लावतात, टीव्ही बंद करतात, गाणी लावतात, हाताला काम देतात. शेंगा सोलायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलण्याची पद्धत. आजी म्हणाल्या, "आई वाट बघत असेल, मला जाऊ दे." त्यावर "तुमची आई जाऊन तीस वर्षं झाली" असं सांगितलं तर त्यांना ती बातमी दर वेळी नव्याने कळते आणि दर वेळी तेवढंच रडू येतं. प्रशिक्षित केअरटेकर म्हणते, "आई काय करायची हो तुमच्यासाठी? थालीपीठ?" विषय आईवरच राहतो, फक्त दारापासून स्वयंपाकघरात येतो.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा सहसा आधी विरते आणि माणूस मातृभाषेवर येतो. आयुष्यभर बँकेत इंग्रजीत काम केलेले आजोबा एक दिवस फक्त मराठीत बोलू लागतात. बेंगळुरू किंवा अमेरिकेत मुलांकडे असलेल्या मराठी ज्येष्ठांसाठी हा मोठा प्रश्न आहे. जागा कितीही उत्तम असली तरी "मला लघवीला जायचंय" हे समजणारं कुणी नसेल तर बाकीच्या सोयींचा फारसा उपयोग होत नाही.

नेदरलँड्समधलं ते गाव

या विषयावर सोशल मीडियावर सगळ्यात जास्त व्हिडिओ दिसतात ते होगेवेकचे. ॲमस्टरडॅमजवळ वेस्प नावाचं ठिकाण आहे, तिथे २००९ साली हे 'डिमेन्शिया गाव' उभं राहिलं. गाव म्हणजे खरंतर देखभाल केंद्रच, पण दिसायला रस्ते, चौक, कारंजं, सुपरमार्केट, कॅफे, थिएटर. सहा-सात जणांचं एक घर, अशी वीसपेक्षा जास्त घरं. प्रत्येक घरात स्वयंपाक होतो. कर्मचारी युनिफॉर्ममध्ये नसतात. आजी सुपरमार्केटमध्ये गेल्या आणि पाकीट विसरल्या तरी अडत नाही.

याची सुरुवात १९९० च्या दशकात झाली. त्या जागी तेव्हा साधं नर्सिंग होम होतं. तिथे काम करणाऱ्या यवोन व्हॅन ॲमेरोन्गन यांचे वडील अचानक गेले. त्या दुःखात त्यांच्या मनात आलं, बरं झालं, त्यांना अशा ठिकाणी राहावं लागलं नाही. आणि मग त्या स्वतःच चमकल्या. जिथे आपण काम करतो तिथे आपल्या वडिलांनी राहू नये असं वाटत असेल, तर ती जागा बदलायला हवी.

होगेवेकची खरी युक्ती दारात आहे. गावाला बाहेर जायला एकच दार, त्यावर चोवीस तास लक्ष. पण आत कुठेही, केव्हाही फिरायला मोकळीक. म्हणजे कुलूप खोलीला लागण्याऐवजी गावाच्या वेशीवर गेलं.

हे सगळं फक्त श्रीमंतांसाठी आहे का? तर नाही. नेदरलँड्समध्ये दीर्घकालीन देखभालीसाठी सार्वजनिक विमा आहे. होगेवेकही त्याच पैशांवर चालतं आणि राहणाऱ्याला आपल्या उत्पन्नानुसार वाटा द्यावा लागतो. अमेरिकेत उलट परिस्थिती आहे. ज्येष्ठांचा सरकारी विमा मेडिकेअर असिस्टेड लिव्हिंगमधल्या राहण्या-जेवणाचा खर्च देत नाही, त्यामुळे बहुतेक कुटुंबं खिशातून भरतात.

हे फसवणं नाही का?

ही टीका होगेवेकवरही झाली आहे. खोटं गाव, खोटं दुकान, माणसाला नाटकात ठेवायचं का? जर्मनीत डुसेलडॉर्फच्या एका वृद्ध केंद्राबाहेर तर २००८ साली खोटा बसस्टॉप उभारला गेला. तिथे बस कधीच येत नाही. 'घरी जायचंय' म्हणून निघालेली माणसं तिथे बसतात, कुणीतरी शेजारी येऊन गप्पा मारतं, आणि थोड्या वेळाने "बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊया" म्हणत आत आणतं.

होगेवेक चालवणारे म्हणतात की आमचं सुपरमार्केट खरं आहे, भाजी खरी आहे, ती शिजवून खाल्ली जाते. बसस्टॉपबद्दल मात्र तज्ज्ञांमध्येही दोन मतं आहेत. काहींना तो हळुवार उपाय वाटतो, काहींना माणसाच्या विश्वासाशी खेळ.

पण दुसरा पर्याय काय असतो, तेही बघायला हवं. तो असतो कुलूपबंद खोली, पलंगाला बांधलेले हात, किंवा गोळी. गडबड करणाऱ्या पेशंटला शांत ठेवायला मानसिक आजारावरची तीव्र औषधं देण्याची सवय जगभर होती. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली नव्या प्रकारच्या औषधांवर आणि २००८ साली जुन्या प्रकारच्या औषधांवरही छापायला लावला. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही. पण माणसं कमी आहेत म्हणून गोळी, हे उपचार नव्हेत.

भारतात परिस्थिती काय आहे?

जगात २०२१ साली ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे या वयोगटातल्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाऊ शकतो.

त्या मानाने सोयी फारच थोड्या. १९९२ साली केरळमध्ये 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू झाली आणि तिने देशात या विषयाला वाचा फोडली. बेंगळुरूमध्ये नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट काम करतो. पुणे, मुंबई परिसरातही डिमेन्शियासाठीची खासगी आणि संस्थांची केंद्रं आहेत. पण ती प्रामुख्याने शहरांत, आणि महिन्याचा खर्च साधारण पाच आकडी. आरोग्य विमा मुख्यतः हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावर कामाला येतो. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून लागू झालेलं आयुष्मान कार्डही उपचारांसाठी आहे, केअर होमच्या महिन्याच्या बिलासाठी नाही.

नियमांचं काय? महाराष्ट्रात महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली लागू केली. व्हीलचेअर जाईल एवढी रुंद दारं, लिफ्ट, रॅम्प, न घसरणारी फरशी, धरायला दांडे अशा गोष्टी त्यात आहेत. चांगलं पाऊल आहे. पण हे नियम इमारतीचे आहेत. दार किती रुंद असावं ते त्यात सापडतं. रात्री दोन वाजता किती माणसं ड्युटीवर असावीत, ते सापडत नाही.

आणखी एक अडचण लोकांना फार उशिरा कळते, ती म्हणजे पैशांची. खर्च वडिलांच्याच पेन्शनमधून, एफडीतून करायचा असतो. पण त्यांना सही जमत नाही. मुलाकडे पॉवर ऑफ ॲटर्नी असते, म्हणून तो निश्चिंत असतो. मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, पॉवर देणाऱ्याची समज गेली की तो अधिकारही संपतो. मग पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून निदान झाल्यावर, माणूस अजून समजून सही करू शकतोय तोवर, जॉइंट खातं, नॉमिनेशन, मृत्युपत्र या गोष्टी वकिलाला विचारून मार्गी लावणं शहाणपणाचं.

जागा बघायला गेल्यावर काय विचारायचं?

लॉबी आणि ब्रोशर बाजूला ठेवून हे प्रश्न विचारावेत.

१. नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे? कागद दाखवा.

२. दिवसा किती पेशंटमागे एक केअरटेकर, आणि रात्री किती? रात्रीचा आकडा जास्त महत्त्वाचा.

३. कर्मचाऱ्यांना डिमेन्शियाचं प्रशिक्षण कुणी दिलं? सर्वात जुनी केअरटेकर किती वर्षं इथे आहे? माणसं टिकत नसतील तर पेशंटला रोज नवा चेहरा दिसणार.

४. पेशंट चिडला, मारायला धावला तर काय करता? उत्तरात पहिलाच शब्द 'इंजेक्शन' आला तर सावध व्हावं. शांत करणारी औषधं कोण लिहून देतं आणि घरच्यांना आधी कळवतात का, हेही विचारावं.

५. पडले, ताप आला तर कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेता? सोबत कोण जातं?

६. डिपॉझिट किती, परत कधी आणि किती मिळतं? डायपर, औषधं, फिजिओथेरपी बिलात धरलेली आहे का? आजार वाढून माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवता की घरी न्यायला सांगता?

७. भेटायला केव्हाही येऊ शकतो का? वेळ ठरवूनच या असा आग्रह असेल तर कारण विचारावं.

यानंतर एकदा न सांगता जावं. शक्यतो संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, कारण घालमेलीची वेळ तीच असते. वास कसला येतोय, टीव्हीसमोर रांगेने माणसं बसवून ठेवली आहेत का, केअरटेकर नावाने हाक मारतात की 'ए आजी, गप बस' म्हणतात, हे अर्ध्या तासात दिसतं.

थेट कायमचं ठेवण्याआधी आठ-पंधरा दिवस ठेवून बघता येतं का, किंवा फक्त दिवसाची सोय आहे का, हेही विचारावं. अनेक घरांना तेवढ्यानेही श्वास घ्यायला जागा मिळते. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या दोन्ही मोफत आहेत.

आणि तो अपराधीपणा?

तो येतोच. लोक काय म्हणतील, हेही मनात येतं. पण २००७ चा तोच कायदा आई-वडिलांना वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा मानतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. चांगली जागा शोधून, खर्च उचलून, नियमित भेटायला जाणं ही वेगळी गोष्ट आहे. उलट घरातच ठेवून, दाराला बाहेरून कुलूप लावून कामावर जाणं ही अनेक घरांची मजबुरी आहे, आणि त्यात पेशंटही सुरक्षित नसतो.

प्रत्येकाला मेमरी केअरची गरज असतेच असं नाही. घरी करायला पुरेशी माणसं असतील, रात्रीची पाळी वाटून घेता येत असेल, तर घरच उत्तम. पण एकच माणूस दिवसरात्र करत असेल, त्याची स्वतःची शुगर-बीपी वाढली असेल, हात उगारला जाऊ लागला असेल, किंवा पेशंट दोनदा घराबाहेर सापडला असेल, तर जागा बघायची वेळ झाली आहे. वृद्धाश्रम या एका शब्दावर ती चर्चा थांबू नये, एवढंच.

'अस्तु'मध्ये त्या प्राध्यापकांना शेवटी कोण सांभाळतं? हत्तीच्या माहुताची बायको, चन्नम्मा. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला अल्झायमर हा शब्द माहीत नाही, तिची भाषासुद्धा वेगळी. ती त्यांना काही आठवायला लावत नाही. भूक लागली असेल म्हणून जेवू घालते, लेकरासारखं जपते. जागा बघायला गेल्यावर लॉबी, लिफ्ट, सीसीटीव्ही सगळं बघून झालं की शोधायची ती हीच गोष्ट, इथे कुणी चन्नम्मा आहे का.